प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीच्या नोंदी : जून ते डिसेंबर २०२४

१० जून २०२४

नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चार वर्षांपासून बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून, म्हणजे ग्राहकाला नेमके काय हवे ते समजून घेऊन कागदावर मांडणारी म्हणून, काम करते आहे आणि त्यातला बहुतेक काळ हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावातून, घरूनच केला आहे. या कामामागचे शास्त्र मी क्रमाने कधी शिकले नाही. जे येते ते वरिष्ठांनी केलेल्या दुरुस्त्यांतून आणि ग्राहकांनी परत पाठवलेल्या कागदांतून आले. ही उणीव भरून काढायची म्हणून यंदा आयआयबीए, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस, या संस्थेची परीक्षा द्यायचे ठरवले. ही संस्था २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात सुरू झाली. नवख्यांसाठी तिची ईसीबीए ही परीक्षा आहे, मधल्या पायरीवर सीसीबीए आणि वरच्या पायरीवर सीबीएपी. सीबीएपीला मागच्या दहा वर्षांतला ७,५०० तासांचा अनुभव लागतो, तो माझ्याकडे नाही. सीसीबीएला मागच्या सात वर्षांतले ३,७५० तास पुरतात. त्याखेरीज मागच्या चार वर्षांत घेतलेले २१ तासांचे प्रशिक्षण आणि कामाची ओळख देणारी दोन माणसे लागतात. प्रशिक्षण मागच्या वर्षी झाले आहे. सीसीबीए नक्की केली, लक्ष्य डिसेंबरचे.

बाबांनी आज धुऱ्याकडच्या वावरात कपाशी टोबली. माझ्या तयारीची आणि कपाशीची सुरुवात एकाच दिवशी झाली, म्हणून तारीख लक्षात राहील.

२३ जून

दोन रविवार तास मोजण्यात गेले. कार्यालयात घालवलेला प्रत्येक तास विश्लेषणाचा नसतो. चाचणीत केलेली मदत, रजेवर असलेल्या सहकाऱ्याचे सांभाळलेले काम, नुसती हजेरी लावलेल्या बैठका हे सगळे वजा करावे लागते. जुने ई-मेल, कॅलेंडर आणि कामाच्या नोंदवह्या समोर ठेवून एकेका प्रकल्पाचे तास मी सहा ज्ञानक्षेत्रांत, म्हणजे परीक्षेत या कामाचे जे सहा भाग धरतात त्यांत, वाटले. आवश्यकतांचे (म्हणजे लोकांना जे हवे आहे त्याचे) विश्लेषण आणि आराखड्याची व्याख्या यात १,६५० तास बसले, माहिती मिळवणे आणि सहकार्य यात ९८०, आवश्यकतांचे जीवनचक्र सांभाळणे यात ७२०, नियोजन आणि देखरेख यात ५६०, धोरणात्मक विश्लेषणात १८० आणि उपाययोजनेच्या मूल्यमापनात अवघे ९०. एकूण ४,१८०. सहापैकी दोन क्षेत्रांत प्रत्येकी ९०० किंवा चार क्षेत्रांत प्रत्येकी ५०० तास असावेत अशी अट आहे. माझा अर्ज दोन्ही वाटांनी बसतो.

अर्ज बसला याचा आनंद आहेच, पण त्या ९० तासांपाशी मी बराच वेळ थांबले. चार वर्षांत आठ प्रकल्पांचे कागद मी लिहिले आणि तयार झालेली गोष्ट लोकांच्या खरोखर कामी आली का, हे पाहायला फक्त एकदाच परत गेले. परीक्षेत या क्षेत्राला ६ टक्केच वजन आहे, त्यामुळे गुणांपुरता विचार केला तर ते मागे ठेवता येईल. मला ते मागे ठेवायचे नाही.

७ जुलै

अभ्यासाचे मूळ पुस्तक म्हणजे बाबोक गाइड. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली आणि परीक्षा त्यावरच बेतलेली आहे. सहा ज्ञानक्षेत्रे, त्यांत मिळून तीस कामे आणि शेवटी पन्नास तंत्रे असा त्याचा पसारा आहे. रोज पहाटे पाच ते सात वाचन आणि रविवारी उजळणी असे ठरवले आहे. पहिल्या तीन आठवड्यांत दोन प्रकरणे झाली. गती कमी आहे.

२८ जुलै

वाचलेले चार दिवसांनी आठवत नाही, याचे कारण या आठवड्यात सापडले. इंग्रजी शब्द डोळ्यांखालून जातो, ओळखीचा वाटतो आणि त्याचा अर्थ मनात न ठरताच मी पुढे सरकते. म्हणून वही केली. एकेका संज्ञेपुढे तिचा अर्थ मराठीत, आणि तोही आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत लिहायचा असा नियम केला. प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असणार, त्यामुळे वहीतले शब्द तिथे चालणार नाहीत. अर्थ पक्का व्हावा एवढाच या वहीचा हेतू आहे.

एलिसिटेशन या शब्दाला 'माहिती गोळा करणे' असे लिहिले होते, ते खोडले. गोळा करायला माहिती आधी कुठेतरी पडलेली असावी लागते. इथे तर समोरच्या माणसालाही ती नीट ठाऊक नसते. ती त्याच्या बोलण्यातून हळूहळू बाहेर येते. त्यापुढे मी 'बोलते करणे' असे लिहिले आणि त्या प्रकरणातली पाचही कामे एकदम ओळीत बसली : बोलते करण्याची तयारी, प्रत्यक्ष बोलते करणे, जे कळले ते खरे का याची खात्री, ते इतरांपर्यंत पोचवणे आणि सगळ्यांना सोबत ठेवणे. ट्रेस करणे यासाठी 'माग' हा शब्द मिळाला. हरवलेल्या बैलाचा माग पुढेही काढतात आणि मागेही. एखादी आवश्यकता कोणत्या उद्दिष्टातून आली आणि पुढे कोणत्या चाचणीत गेली हे तसेच काढावे लागते. स्टेकहोल्डरने सर्वांत जास्त त्रास दिला. 'हितसंबंधी' हा शब्द मराठीत बदनाम आहे, हितसंबंध म्हटले की स्वार्थाचा वास येतो, आणि 'भागधारक' म्हणजे शेअरवाला. शेवटी 'ज्याचे या कामावाचून काही अडते किंवा या कामामुळे काही अडू शकते तो' एवढे लांब वाक्य लिहिले. लांब आहे, पण त्यात कोणी सुटत नाही.

१८ ऑगस्ट

गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक होती. साडेतीनशेच्या आसपास सभासद आहेत. ही कंपनी सभासदांचा कापूस संकलन केंद्रावर घेते, तो एकत्र जिनिंगला देते आणि पैसे सभासदांच्या खात्यावर जमा करते. अध्यक्षकाकांनी मला मुद्दाम बोलावले होते. म्हणाले, "पोरी, आपल्याले मोबाइलचं अ‍ॅप पायजे. तुले येते ना थे?"

आधी असते तर मी लगेच त्या अ‍ॅपचे स्क्रीन आखायला बसले असते. पण सकाळीच वाचले होते की व्यवसायाची आवश्यकता, संबंधित माणसांची आवश्यकता, उपायाची आवश्यकता आणि जुन्याकडून नव्याकडे जातानाची आवश्यकता असे चार वेगवेगळे थर असतात, आणि काकांनी सांगितले ते तर आवश्यकताही नव्हते, थेट उपाय होता. मी विचारले, काका, अडते काय? थोडे थांबून ते म्हणाले की मागच्या हंगामात सभासदच माल दुसरीकडे घालून राहिले होते. कशामुळे, असे विचारल्यावर उत्तर आले, "रांग लय मोठी रायते म्हणतेत."

हंगाम सुरू झाला की केंद्रावर येऊन पाहीन आणि मगच काय करायचे ते सांगेन, असे मी कळवले. हे काम विनामोबदला आहे आणि त्याचे तास मी अर्जात धरणार नाही. अभ्यासाला मात्र याहून चांगली जागा मिळणार नाही.

२ सप्टेंबर

आज पोळा. अभ्यास नाही.

२२ सप्टेंबर

पहिली पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून दिली. १३० प्रश्न, तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ८३ सेकंद. ७८ बरोबर आले, ५२ चुकले. चुकलेल्यांचा हिशेब दोन दिवस केला, कारण नुसत्या टक्केवारीतून पुढे काय करायचे ते कळत नाही.

बारा प्रश्नांत विषयच माहीत नव्हता. एकोणीस प्रश्नांत मी 'सर्वप्रथम' किंवा 'यानंतर' हा शब्द नीट वाचलाच नव्हता. पर्याय सगळेच योग्य होते, फक्त त्यांतला पहिला कोणता हे विचारले होते. उरलेले एकवीस सर्वांत महत्त्वाचे, कारण तिथे मी पुस्तकाचे उत्तर न देता आमच्या कार्यालयाचे उत्तर दिले. उदाहरणार्थ, मंजूर झालेल्या आवश्यकतेत प्रायोजकाने, म्हणजे प्रकल्पाचा खर्च करणाऱ्याने, बदल मागितला तर विश्लेषकाने आधी काय करावे? आमच्याकडे प्रोग्रामरला फोन करून 'बसते का' विचारतात आणि बसत असेल तर करून टाकतात. पुस्तकाच्या मते आधी त्या बदलाचा परिणाम तपासावा : तो कोणत्या उद्दिष्टाला धरून आहे, कशाकशाला धक्का लावतो, खर्च आणि वेळ किती वाढवतो. निर्णय त्यानंतरचा, आणि तोही ज्याला अधिकार आहे त्याचा. चार वर्षांची सवय एका वाक्याने जात नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे 'माहीत नव्हते', 'वाचले नाही' किंवा 'सवय' यांपैकी एक शिक्का मारायचे ठरवले आहे.

वजनाप्रमाणे वेळही नव्याने वाटला. विश्लेषण आणि आराखडा या एका क्षेत्राला ३२ टक्के आहेत, म्हणजे चाळीसहून अधिक प्रश्न. बोलते करण्याला २० आणि जीवनचक्राला १८. या तिघांना आठवड्याचे पाच दिवस, बाकीच्यांना दोन.

२६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर वेचणीने वेग घेतला. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, झाली आणि केंद्रावर गाड्या यायला लागल्या. शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस मी काट्याजवळ खुर्ची टाकून बसले, हातात घड्याळ आणि वही. पुस्तकातल्या निरीक्षण या तंत्राचे दोन प्रकार आहेत : मध्ये प्रश्न विचारत पाहणे आणि काही न बोलता पाहणे. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही.

बावीस गाड्यांचे वेळ टिपले. भरलेली ट्रॉली काट्यावर चढून, वजन होऊन खाली उतरायला सरासरी चार मिनिटे लागतात. ओलावा पाहायला दोन मिनिटे. मीटरची सळई ढिगात तीन ठिकाणी खुपसतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. कापूस बाहेरून कोरडा दिसला तरी सकाळच्या दवाने आतून गार लागतो. रांग तुंबते ती पुढच्या टेबलावर. तिथे कारकून दादा सातबारा पाहतात, त्यावर कपाशीचा पेरा चढला आहे का ते बघतात, आधार कार्डावरचे नाव जुळवतात आणि मग बँकेचा खाते क्रमांक हाताने तीनदा लिहितात : एकदा नोंदवहीत, एकदा पावतीवर आणि संध्याकाळी पैशांच्या यादीत. एका माणसाला अकरा ते वीस मिनिटे लागतात. यात दादांचा दोष नाही. त्यांच्यापुढे ठेवलेले कामच तसे आहे.

दुसऱ्या दिवशी मी बोलले. मागच्या हंगामात बाहेर माल घातलेल्या एका वयस्क कास्तकारांना रांगेबद्दल विचारले, तर ते म्हणाले, "रांगेचं काई नाई बाई, उभा राहीन म्या दिवसभर. पैसे कवा जमा होतीन ते सांग." मग मागच्या वर्षीच्या पैशांच्या याद्या काढून पाहिल्या. परत आलेल्या रकमांपुढे लाल शाईने खुणा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी नोंदवहीतला खाते क्रमांक आणि यादीतला खाते क्रमांक यांत एका आकड्याचा फरक होता. रक्कम परत येते, कारण शोधले जाते, माणसाला निरोप जातो, तो पासबुक घेऊन येतो. तोवर आठ-दहा दिवस निघून जातात. त्या दिवसांत किराणा आणि वेचणीची मजुरी थांबत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आहे, आणि तरीही दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला माणूस त्याहून कमी भावात माल देतो, कारण व्यापारी नोटा हातावर ठेवतो.

मुलाखतीत 'रांग' असे उत्तर मिळाले, निरीक्षणात टेबल दिसले आणि कागदपत्रांत खाते क्रमांक सापडला. ही तीन तंत्रे पुस्तकात तीन वेगळ्या पानांवर आहेत. ती एकमेकांना कशी दुरुस्त करतात हे मला आज समजले.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर काका, दादा आणि सात सभासद यांना बसवून मला जे कळले ते वाचून दाखवले. याचसाठी पुस्तकात वेगळे काम आहे : बोलते करण्यातून निघालेल्या माहितीची खात्री करणे. सराव परीक्षेत हे काम मी सतत वगळत होते, कारण कार्यालयात त्यासाठी कोणी वेळ देत नाही.

वाचन अर्ध्यावर असताना मागे बसलेल्या एका काकू म्हणाल्या की त्यांचे शेत मक्त्याने केलेले आहे. सातबारा मालकाच्या नावावर, कापूस यांचा, आणि पैसे मालकाच्या खात्यात गेले की ते मागून घ्यावे लागतात. माझ्या यादीत मक्त्याने करणारे लोकच नव्हते. काट्याजवळ दोन दिवस बसूनही ते दिसले नाहीत, कारण गाडी मालकाच्या नावाने येते. वहीतले ते लांब वाक्य मी स्वतः लिहिले होते आणि तरी माणसे सुटली. त्यांच्या नावाची वेगळी नोंद आणि मालकाचे संमतिपत्र असा रस्ता बैठकीतच निघाला. त्याची कायदेशीर बाजू काका तपासून घेणार आहेत.

याच बैठकीत व्हेरिफाय (वाक्य नीट लिहिले आहे का याची पडताळणी) आणि व्हॅलिडेट (ते गरजेला धरून आहे का हे पाहणे) यांतला फरक कायमचा सुटला. 'कापसाचा ओलावा योग्य असावा' असे एका कागदावर लिहिले होते. हे वाक्य पडताळणीतच पडते. योग्य म्हणजे किती आणि तपासायचे कसे, हे त्यात नाही. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात आणि त्यापुढे घेत नाहीत; तेव्हा 'तीन ठिकाणी मोजलेल्या ओलाव्याची सरासरी एक दशांश स्थळापर्यंत पावतीवर लिहावी' असे वाक्य केले. हे पडताळणीत टिकते. दुसऱ्या कागदावर 'प्रत्येक गाडीचा फोटो सभासदाला मोबाइलवर मिळावा' असे होते. वाक्य स्पष्ट आहे, तपासता येण्याजोगे आहे, पण तो फोटो कशासाठी हवा असे विचारल्यावर सातपैकी एकालाही सांगता आले नाही. वाक्य निर्दोष आहे आणि गरजेशी त्याचा संबंध नाही. पहिला कागद व्हेरिफाय होत नव्हता, दुसरा व्हॅलिडेट होत नाही. यावरचा प्रश्न आता माझा चुकणार नाही.

अ‍ॅप करायचे नाही असे ठरले. उरलेल्या सभासदांची नोंद गाडी येण्याआधी घरोघर जाऊन करायची, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो घ्यायचा, खाते क्रमांक संगणकात एकदाच भरायचा, पावती आणि पैशांची यादी त्यातूनच छापायची आणि पावतीवर पैसे जमा होण्याची तारीख घालायची. काका सुरुवातीला नाराज होते. तारीख छापली की कंपनी तिला बांधली जाते, असे त्यांनी म्हटले, आणि ते बरोबर आहे. म्हणूनच ती हवी, हे त्या वयस्क कास्तकारांनी त्यांना सांगितले. मला सांगावे लागले नाही.

१७ नोव्हेंबर

दुसरी सराव परीक्षा. ९७ बरोबर. 'सवय' हा शिक्का एकवीसवरून सहावर आला.

२४ नोव्हेंबर

परीक्षा घरबसल्या देता येते. समोरचा निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. टेबल रिकामे लागते, भिंतींसकट सगळी खोली फिरवून दाखवावी लागते, मध्ये कोणी आत आलेले चालत नाही आणि पुटपुटलेलेही चालत नाही. ही शेवटची अट मला जड जाते, कारण लांब प्रसंग मी ओठ हलवून वाचते. तीन आठवडे तोंडात लवंग धरून वाचायचा सराव करते आहे.

जागेचा प्रश्न जोखीम-विश्लेषणाच्या तक्त्यात मांडला. गावात वीज गेली की इन्व्हर्टर दोन तास चालतो, पण थोड्या वेळात टॉवरची रेंजही जाते. मागच्या महिनाभरात सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात सहा वेळा असे झाल्याची नोंद माझ्याकडे आहे. ही जोखीम घेण्यासारखी नाही. वर्ध्याला मावशीकडे वरची खोली स्वतंत्र आहे आणि केबलचे इंटरनेट आहे. तिथे जाऊन संगणकाची चाचणी करून आले. मावशीने त्या दिवशी पाव्हण्यांना खालीच बसवण्याचे कबूल केले.

१३ डिसेंबर

परीक्षा झाली, उत्तीर्ण झाले.

आठवते आहे तोवर लिहून ठेवते. प्रश्न सरावापेक्षा लांब होते. चार-पाच ओळींचा प्रसंग आणि शेवटी एक छोटा प्रश्न. मी शेवटची ओळ आधी वाचली आणि मग प्रसंग. 'सर्वप्रथम' आणि 'यानंतर' हे शब्द त्यामुळे एकदाही सुटले नाहीत. पहिल्या तासात ४१ प्रश्न झाले, म्हणजे दोन मागे होते. दुसऱ्या तासात ते भरून काढले. शंका असलेल्या सतरा प्रश्नांवर खूण करून ठेवली होती, शेवटच्या चौदा मिनिटांत त्यांतले अकरा पुन्हा पाहता आले. दोनच उत्तरे बदलली.

हे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि टिकवायला त्या काळात ६० गुणांचे शिक्षण किंवा काम दाखवावे लागते. त्याची वही जानेवारीत सुरू करीन.

२२ डिसेंबर

ही नोंद परीक्षेची नाही, पण त्या ९० तासांच्या, म्हणजे केलेले काम लोकांच्या कामी आले का हे पाहण्याच्या, खात्यातली आहे. १ डिसेंबरपासून केंद्रावर नव्या पद्धतीने काम सुरू झाले. काल संध्याकाळपर्यंत ६३ जणांना पैसे पाठवले गेले. ६१ जणांचे पावतीवरच्या तारखेला किंवा त्याआधी जमा झाले. दोन रकमा परत आल्या. एक खाते बँकेने बंद केलेले होते. दुसऱ्यात पासबुकाचा फोटो पुसट आला होता आणि भरताना ८ च्या जागी ३ पडला. फोटो घेतल्यावर तो क्रमांक सभासदासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, एवढी एक पायरी दादांच्या कागदात वाढवली आहे. ज्यांचा फोटो पुसट आला त्या कास्तकारांचे शेत नाल्यापलीकडे आहे. मंगळवारी सकाळी तिकडे जाऊन पासबुकाचा फोटो पुन्हा घ्यायचा आहे.